परदेशी सहल आणि घरचा विवेक

संध्याकाळची फेरी आटोपून बागेतील बाकावर चार समवयस्क बसलेले असावेत. गुडघेदुखी, निवृत्तिवेतन, नातवंडांच्या परीक्षा हे विषय होऊन गेलेले असावेत आणि तेवढ्यात कोणीतरी थायलंडच्या सहलीची गोष्ट काढावी. ‘पाच दिवस, चार रात्री, फक्त पुरुषमंडळी. वहिनींना काशीयात्रेला पाठवू,’ असे कोणी म्हणावे आणि त्यावर हशा पिकावा. ‘आता या वयात काय ते!’ अशी एखाद्याने शंका काढावी आणि ‘अरे, तिकडे हे सगळे कायदेशीर असते,’ असे म्हणून दुसऱ्याने ती उडवून लावावी. असे दृश्य आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. कदाचित त्या बाकावर आपणही बसलेले असू.

हसणाऱ्यांपैकी बहुतेक जण कोठेही जाणार नसतात. गेले तरी मंदिरे, समुद्र आणि बाजार पाहून परत येतात. थायलंडला जाणारा प्रत्येक पुरुष देहभोगासाठीच जातो असे समजणे हा त्या देशावरही अन्याय आहे आणि त्या पुरुषांवरही. तथापि काही जण त्याच उद्देशाने जातात, काहींच्या मनात तो उद्देश सोबत्यांच्या आग्रहाने रुजतो, आणि दोहोंची पूर्वतयारी अशा गप्पांतच झालेली असते. पैसे देऊन शरीरसुख मिळवण्याच्या इराद्याने केलेल्या प्रवासाला लैंगिक पर्यटन म्हणतात. हा इरादा मनात कसा आकार घेतो, नीती आणि कायदा त्याला कोठे अडवतात आणि कोठे दुबळे पडतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विषय संकोचाचा आहे खरा. परंतु अशा सहलीचे परिणाम घरी परततात, कधी आजाराच्या रूपाने, कधी तुटलेल्या विश्वासाच्या रूपाने. ते निस्तरणारी व्यक्ती बहुधा सहलीला गेलेली नसते. ती पत्नी असते, मुलगी असते, सून असते. म्हणून कुटुंबाच्या आरोग्याचा विचार करताना हा विषय टाळता येत नाही.

हेतूचे तीन धागे

माणूस एखादी गोष्ट करण्याचे का ठरवतो, याचा उलगडा करणारा एक सिद्धान्त सामाजिक मानसशास्त्रज्ञ आयझेक आयझेन यांनी मांडला. १९९१ च्या निबंधात त्यांनी त्याची सविस्तर मांडणी केली. त्यांच्या मते कृतीच्या आधी हेतू असतो आणि हेतू तीन धाग्यांनी विणलेला असतो. पहिला धागा त्या कृतीविषयीच्या आपल्या वृत्तीचा: ती चांगली की वाईट, सुखद की घातक? दुसरा, ज्यांच्या मताची आपण कदर करतो त्यांना ती कशी वाटेल याचा. तिसरा, ती कृती आपल्याला जमेल का, तिच्या वाटेत अडथळे किती, याच्या अंदाजाचा. काही कृतींच्या बाबतीत नैतिक बंधनाची स्वतःची अशी जाणीवही हेतूवर प्रभाव टाकते, याची दखलही आयझेन यांनी त्या निबंधात घेतली आहे.

आता बाकावरचे संभाषण पुन्हा ऐकावे. ‘मजा असते’ हा पहिला धागा. ‘सगळेच जातात, आपलीच माणसे आहेत’ हा दुसरा. ‘पाच दिवसांत परत येऊ, कोणाला कळणार आहे?’ हा तिसरा. नीती पहिल्या धाग्यावर काम करते, आप्तस्वकीयांची नजर दुसऱ्यावर, आणि कायद्याचा धाक तिसऱ्यावर. प्रवासाचे वैशिष्ट्य असे की तो हे तिन्ही धागे एकदम सैल करतो. गावात ज्याला शंभर जण ओळखतात, त्याला परक्या शहरात कोणीच ओळखत नाही. तेथील भाषा कळत नाही, कायदा ठाऊक नसतो आणि ज्यांच्या मताची पर्वा करावी ती माणसे हजारो मैल दूर असतात. उरते ती फक्त सोबत्यांची टोळी, आणि त्या टोळीचे मत आधीच ठरलेले असते.

पट्टायाचा धडा

‘तिकडे कायदेशीर असते’ ही समजूत कोठून आली हे पाहण्यासारखे आहे. थायलंडने १९६० सालीच कायदा करून वेश्याव्यवसायावर बंदी घातली होती. परंतु १९६६ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांना परवाने देणारा दुसरा कायदा झाला आणि बार, नृत्यगृहे, मसाजगृहे यांना अधिकृत छत्र मिळाले. त्याच सुमारास व्हिएतनामचे युद्ध पेटलेले होते. अमेरिकी सैनिकांना रजेवर विश्रांतीसाठी थायलंडला पाठवण्याची व्यवस्था झाली आणि उ-तापाव या हवाई तळाच्या जवळ असलेले पट्टाया हे कोळ्यांचे छोटे गाव पाहता पाहता करमणुकीचे शहर बनले. सैनिक परतले, तरी बार उरले, दलाल उरले, आणि देशाच्या ईशान्येकडील इसान या गरीब शेतीप्रधान भागातून येणाऱ्या मुलीही येतच राहिल्या. रिकाम्या खुर्च्यांवर आता पर्यटक येऊन बसले.

एका कायद्याने निषेध केला, दुसऱ्याने दार उघडे ठेवले. अशा दुहेरी संदेशाचा अर्थ माणूस नेहमी आपल्या सोयीने लावतो. १९९६ च्या सुधारित कायद्यानेही तेथे उघडपणे गिऱ्हाइकांना बोलावणे, कुंटणखाना चालवणे आणि दलाली हे गुन्हेच ठरवले आहेत. अशा ठिकाणी अठरा वर्षांखालील व्यक्तीशी संबंध ठेवणाऱ्या गिऱ्हाइकालाही तुरुंगवासाची शिक्षा आहे. रस्त्यावर जे राजरोस दिसते ते कायदेशीर असलेच पाहिजे, ही समजूत म्हणून चुकीची आहे.

याच थायलंडने जगाला एक चांगला धडाही दिला. एचआयव्हीचा प्रसार भयावह वेगाने होऊ लागल्यावर १९९१ मध्ये तेथील शासनाने देशभर एक नियम लागू केला: वेश्यागृहात निरोधाचा वापर शंभर टक्के झाला पाहिजे. नियम सर्व गृहांना सारखा असल्याने ‘येथे नाही तर शेजारी’ ही गिऱ्हाइकाची वाट बंद झाली. पुढील काही वर्षांत नव्या लागणींचे प्रमाण स्पष्टपणे घसरले. उपदेश अनेक वर्षे चालू होता. वर्तन बदलले ते नियम सर्वांसाठी, अपवादाविना आणि लगेच लागू झाला तेव्हा.

मनाच्या सबबी

ज्यांना नीती ठाऊक आहे, तीही माणसे ती का मोडतात? १९५७ साली ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या दोन अमेरिकी अभ्यासकांनी या प्रश्नाचा विचार बालगुन्हेगारांच्या संदर्भात केला. त्यांना असे आढळले की चुकणाऱ्याला बहुधा नियम मान्यच असतो. मात्र त्या एका प्रसंगापुरता तो स्वतःला लागू नाही, असे तो मनाला पटवून देतो. अशा सबबींचे पाच प्रकार त्यांनी सांगितले: माझी जबाबदारी नाही, कोणाचे नुकसान झालेले नाही, जिचे नुकसान झाले ती त्यालाच पात्र आहे, दोष देणारे तरी कोठे स्वच्छ आहेत, आणि मी हे माझ्या माणसांसाठी केले.

आपल्या विषयात या सबबी कोणत्या शब्दांत येतात, हे आपण सहज ओळखाल. ‘मित्रांनी ओढून नेले.’ ‘तिला पैसे मिळतात, तिचे घर चालते.’ ‘ती त्याच धंद्यातली आहे.’ ‘बोलणारे काय कमी आहेत?’ ‘सोबत्यांचा विरस कसा करायचा?’ या प्रत्येक वाक्यात थोडेसे सत्य असते, म्हणूनच ते मनाला शांत करते.

यांतील ‘तिला पैसे मिळतात’ ही सबब सर्वांत भारदस्त आहे. तिचा विचार प्रामाणिकपणे करावयास हवा. स्वतःच्या निर्णयाने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रिया जगात आहेत. त्यांच्याकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मधील आदेशात देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींनाही सन्मानाने जगण्याचा घटनादत्त अधिकार आहे, असे स्पष्ट केले. म्हणून या लेखाचा रोख त्या स्त्रीवर नाही. प्रश्न गिऱ्हाइकाच्या ज्ञानाचा आहे. समोरची स्त्री स्वेच्छेने आली आहे की कर्ज फेडण्यासाठी तिला तेथे ठेवले आहे, तिचे पारपत्र तिच्याजवळ आहे की मालकाच्या कपाटात, तिचे वय एकोणीस आहे की सोळा, हे तासाभरासाठी आलेल्या, तिची भाषा न जाणणाऱ्या पाहुण्याला कळावे कसे? तिचे हास्य हा पुरावा होऊ शकत नाही, कारण हसणे हा तिच्या कामाचाच भाग असतो. संमती पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन हाती नसताना ती गृहीत धरणे, हा या व्यवहारातील मुख्य नैतिक दोष आहे. आपल्या नातीच्या वयाची मुलगी समोर असेल, तर तो दोष आणखी जड होतो.

कायदा कोठे पोहोचतो

‘देशाबाहेर गेलो की देशाचा कायदा मागे राहिला’ हा समजही जुना आहे. अल्पवयीनांच्या शोषणाच्या बाबतीत तो अनेक देशांनी मोडीत काढला. ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्ये कायदा करून आपल्या नागरिकांनी परदेशात केलेल्या अशा गुन्ह्यांवर मायदेशी खटला चालवण्याची तरतूद केली. अमेरिकेने २००३ च्या कायद्याने अशा गुन्ह्याला तीस वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. नॉर्वेने तर २००२ मध्ये आपल्या शासकीय सेवकांसाठी आचारसंहिता करून कामानिमित्तच्या प्रवासात पैसे देऊन शरीरसंबंध ठेवण्यास मनाई केली. २००९ मध्ये प्रौढ व्यक्तीकडूनही शरीरसुख विकत घेणे हा तेथे गुन्हा ठरला आणि तो नियम परदेशात गेलेल्या नॉर्वेच्या नागरिकांनाही लागू करण्यात आला.

भारताचे काय? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या पहिल्याच कलमात असे म्हटले आहे की भारतीय नागरिकाने भारताबाहेर केलेल्या गुन्ह्यालाही ती लागू होते. असा खटला चालवण्यास केंद्र शासनाची पूर्वमंजुरी लागते, परंतु गुन्हा सीमेपलीकडे घडला म्हणून नाहीसा होत नाही. एखाद्या व्यक्तीला मानवी तस्करी करून आणले आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तिचे लैंगिक शोषण करणाऱ्याला कलम १४४ अन्वये तीन ते सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे. बळी बालक असल्यास पाच ते दहा वर्षे. ‘तसे मानण्यास कारण असताना’ हे शब्द लक्षात घ्यावेत. डोळे मिटून घेणाऱ्याला या शब्दांत आसरा नाही. देशातही १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार देवालय, शाळा, रुग्णालय अशा सार्वजनिक स्थळांच्या दोनशे मीटर परिसरात असा व्यवहार झाल्यास गिऱ्हाईकही दोषी ठरतो.

एवढे कायदे असूनही हा व्यापार थांबलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. परदेशातील पुरावे गोळा करणे कठीण असते, साक्षीदार विखुरतात, भीतीने गप्प बसतात. इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ मध्येच लिहून ठेवले होते की गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या निश्चितपणामुळे. सापडण्याची शक्यता नगण्य वाटली की तीस वर्षांची शिक्षाही कागदावरची वाटते.

मग कायद्याचा उपयोग काय? त्याचा दुसरा परिणाम संथ, पण खोल असतो. स्वीडनने १९९९ मध्ये जगात प्रथमच शरीरसुख विकणे नव्हे, तर विकत घेणे हा गुन्हा ठरवला. कायद्यापूर्वी अशा बंदीला पाठिंबा देणारे पुरुष तेथे अल्पसंख्य होते. कायद्यानंतर झालेल्या पाहण्यांत ते बहुसंख्य झाले. या कायद्यामुळे व्यवहार खरोखर किती घटले आणि त्या स्त्रियांची सुरक्षितता वाढली की कमी झाली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ज्या गोष्टीवर पूर्वी हशा पिके, तिच्यावर हसणे अवघड झाले, एवढे खरे. कायदा असा वरील सिद्धान्तातील दुसऱ्या धाग्यापर्यंत पोहोचतो: ‘माझी माणसे काय म्हणतील?’

पाहुणे आपल्या अंगणात

हा प्रश्न केवळ आपण पाहुणे म्हणून जाण्याचा नाही. पाहुणे आपल्या अंगणातही आले आहेत. गोव्यात मडगाव येथे अनाथ मुलांना आसरा देणारा म्हणून वावरणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली. त्याच्याकडील मुले परदेशी पर्यटकांच्या हवाली केली जात होती, हे उघड झाले आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. मुंबईत परदेशी व्यक्तींनी चालवलेल्या अँकरेज या बालगृहांच्या खटल्यात २००६ मध्ये झालेली शिक्षा उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. गोव्याने २००३ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि पर्यटन व्यवसायातील लोकांवरही मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी टाकली.

या प्रकरणांकडे पाहताना आपल्या मनात संताप उसळतो. ‘त्यांना आमचीच लेकरे मिळाली?’ असे आपण विचारतो. पट्टायाच्या बारमधील मुलीचे वृद्ध आईवडील इसानमधील एखाद्या खेड्यात हाच प्रश्न विचारत असतील. आपल्या किनाऱ्यावर जो न्याय आपण मागतो, तोच दुसऱ्याच्या किनाऱ्यावर पाळावा, एवढीच नीतीची साधी मागणी आहे.

शरीराचा हिशोब

आता आरोग्याकडे वळू. ‘या वयात कसली लागण?’ हा गैरसमज धोकादायक आहे. गर्भधारणेची चिंता नसल्याने उतारवयात निरोध वापरण्याची सवय सुटलेली असते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या योनीमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे झालेले असल्याने पतीकडून तिला लागण होण्याचा धोका वाढतो. एचआयव्हीची लागण झालेल्या वृद्धाचे वजन घटणे, थकवा, विस्मरण ही लक्षणे वयाच्या माथी मारली जातात आणि निदान उशिरा होते. उपदंशाची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि उपचाराविना भरूनही येते. आजार मात्र आत राहतो आणि काही वर्षांनी हृदय, मेंदू, मज्जातंतू यांवर आघात करू शकतो. वेळेत ओळखल्यास तो पेनिसिलिनने बरा होतो.

धोक्याचा संबंध आला असल्यास वेळेला फार महत्त्व आहे. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, सुरू करावी लागतात. ती २८ दिवस घ्यावयाची असतात. त्यानंतर तपासणी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की विषाणू चाचणीत दिसण्यास काही आठवडे लागतात. पहिला अहवाल निर्दोष आला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा तीन महिन्यांनी, पुन्हा चाचणी करावी. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही सोय विनामूल्य आहे आणि २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेची हमी दिली आहे. माहितीसाठी १०९७ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

आणखी एक धोका सहलीत विशेष संभवतो. सोबत्याने दिलेली उत्तेजक गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल वा टाडालाफिल, हृदयविकारासाठी नायट्रेट गटातील औषध घेणाऱ्याने घेतल्यास रक्तदाब एकाएकी कोसळून जीवावर बेतू शकते. जिभेखाली ठेवावयाची छातीदुखीची गोळी याच गटातील असते. परक्या शहरात छातीत दुखू लागले आणि संकोचापोटी ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवली, तर चुकीचा उपचार होऊ शकतो. डॉक्टरांना खरे सांगावे. तेथे लाज धरू नये.

लगाम मेंदूतच सैल होतो तेव्हा

काळजीवाहकांनी पुढील परिच्छेद लक्षपूर्वक वाचावा. जन्मभर मर्यादेने वागलेली व्यक्ती साठी-सत्तरीत अचानक अश्लील बोलू लागली, परक्यांशी लगट करू लागली, किंवा गुपचूप अशा ठिकाणी पैसे उधळू लागली, तर ते चारित्र्याचे पतन समजून मोकळे होऊ नये. मेंदूच्या पुढील भागाला ग्रासणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात संयमाची शक्तीच क्षीण होते. पार्किन्सनच्या आजारावर दिल्या जाणाऱ्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळेही काही रुग्णांत लैंगिक इच्छा, जुगार किंवा खरेदी यांवरचा ताबा सुटतो. अशा रुग्णाला नीती पाठ असते, कायदाही ठाऊक असतो. परंतु ज्ञान आणि कृती यांच्यामधला लगाम सैल झालेला असतो. उपदेश वा भांडण यांचा येथे उपयोग नाही. मेंदुविकारतज्ज्ञांना बदल केव्हापासून झाला ते सांगावे. औषध मात्र आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. मात्रा कमी करणे वा औषध बदलणे हे डॉक्टरांचे काम. दरम्यान मोठ्या रकमा, बँकेची कार्डे आणि प्रवासाची कागदपत्रे यांवर प्रेमाने, पण ठामपणे लक्ष ठेवावे.

घरात बोलावे कसे

सर्वच ज्येष्ठांच्या बाबतीत आजार नसतो. पुष्कळदा मुळाशी एकटेपणा असतो. पत्नी गेल्यावर दहा-दहा वर्षे कोणी प्रेमाने हात हातात घेतलेला नसतो. त्या भुकेला केवळ वासना म्हणून हिणवले, तर माणूस गप्प होतो आणि गप्प झालेल्या माणसाचे निर्णय बाकावर होतात. म्हातारपणी सहवासाची इच्छा होणे यात गैर काही नाही. महाराष्ट्रात ज्येष्ठांच्या पुनर्विवाहासाठी आणि सहजीवनासाठी मेळावे भरवणाऱ्या संस्था आहेत. वडिलांनी तो विषय काढला की मुले नाक मुरडतात. वडील पाच दिवसांच्या सहलीला गेले की तीच मुले काही विचारत नाहीत. या विसंगतीचा विचार मुलांनीच करावयास हवा.

मुलाने वा मुलीने वडिलांशी बोलायचे ठरवले, तर आरोपाने सुरुवात करू नये. ‘बाबा, सहलीला अवश्य जा. पण तिकडे काय चालते ते आम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही त्यात पडू नये असे मनापासून वाटते. आणि तुम्हाला एकटे वाटत असेल, तर ते आधी आमच्याशी बोला,’ एवढे पुरे. उत्तराचा आग्रह धरू नये. सांगितलेले मनात राहते आणि परक्या शहरात दुसरा धागा बनून सोबत करते. पत्नीला शंका असेल, तर पतीच्या कबुलीची वाट न पाहता तिने स्वतःची तपासणी करून घ्यावी. हा अविश्वास नव्हे, स्वतःच्या शरीराची काळजी आहे. मनावरचा भार हलका करण्यासाठी ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या साहाय्य क्रमांकाचाही उपयोग होतो.

आणि बाकावर बसणाऱ्या वाचकहो, आपले काम सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड आहे. पुढच्या वेळी तो विनोद निघेल तेव्हा हसू नये. मोठे भाषण करण्याची गरज नाही. ‘नाही बुवा, आपल्या नातीएवढ्या मुली असतात त्या,’ एवढे एकच वाक्य शांतपणे उच्चारावे. क्षणभर सारे अवघडतील, कोणी विषय बदलेल. परंतु त्या चौघांत एखादा असा असतो, ज्याला नको म्हणायचे असते आणि सोबत मिळत नसते. आपल्या वाक्याने त्याला ती मिळेल. जगातील कायदे विमानतळाच्या पलीकडे जाऊन त्याला शोधतील की नाही, हे सांगता येत नाही. आपण मात्र त्याच्या शेजारीच बसलेले आहोत.